कोऱ्या पानावरच्या सह्या

प्रिय आबा,

फोनवर तू दोनच गोष्टी विचारतोस. जेवलीस का, आणि पाणी आलं का. मी दोन्हींना हो म्हणते आणि मग आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात तुझ्याकडचा पंखा ऐकू येतो, माझ्याकडचे लूम. म्हणून पत्र. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणून तू तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटिसा घरोघर पोचवल्यास. तुझ्या स्वतःच्या नावाचं पाकीट आलेलं मी कधी पाहिलं नाही. हे घरच्या पत्त्यावर टाकते आहे, कचेरीच्या नाही. चष्मा लाव आणि एकटाच वाच.

इथलं ठीक आहे. कामतघरच्या या खोलीची जमीन दिवसभर बारीक थरथरते. खाली लूमचा, कापड विणायच्या मागांचा कारखाना. आधी डोकं दुखायचं, आता आवाज थांबला की जाग येते. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी मी आणि अफीफा लवकर उठून बसतो, काही हरवल्यासारख्या. अफीफा तुला आठवेल, माझ्या एम.ए.च्या वर्गातली, आपल्याकडे आली होती तेव्हा तुझ्या हातची तांदळाची भाकरी चार वेळा मागून खाल्ली होती. घरमालकीण शमीमचाची तिला रोज विचारतात, ये लोकप्रशासन पढ़के क्या बनते हैं, कलेक्टर? अफीफा सांगते, नहीं चाची, कलेक्टर पे शक करनेवाले. चाची म्हणतात, उसके लिए कॉलेज काहे को जाना, मैं तो घर बैठे करती हूँ.

एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात आमच्या मॅडमनी वर्गात सगळ्यांना विचारलं होतं, हा विषय का घेतला. बहुतेकांनी परीक्षांची नावं सांगितली. मी म्हटलं, माझे वडील ग्रामपंचायतीत आहेत. कोणीतरी मागून विचारलं, सरपंच? मी म्हटलं, शिपाई. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग पुस्तकात नसलेलं तुझ्या घरात असेल. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवताना त्यांना ते आठवत होतं. ग्रामसभेतली बायकांची उपस्थिती, एका गावाचा अभ्यास. गाव आपलं. नाव लिहायचं नाही, पण ओळखणारे ओळखतात.

मे महिन्यात तू मला दहा वर्षांच्या हजेरीवह्या दाखवल्यास. भाऊसाहेबांची परवानगी तूच काढलीस. ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणताना तू अजून चप्पल बाहेर काढतोस. वह्या लाल कापडात होत्या. एकेक सोडून, फडक्यानं पुसून तू टेबलावर ठेवलीस आणि बोललास, बघ गो पोरी, सगला गाव हाय यात. मी पानांचे फोटो काढून, कागदावर छापून इथं आणले. तेव्हापासून दुपारच्या दुपारी मी त्या वह्यांत आहे.

आबा, वहीतलं गाव वेगळं आहे. तिथं सगळे येतात. ज्यांचं एकमेकांशी वीस वर्षं बोलणं नाही ते वहीत एकाखाली एक बसलेले असतात. आजारी येतात, पडघ्याला गोदामात शिफ्टला असलेले येतात, वज्रेश्वरीला बाळंतपणाला माहेरी गेलेल्या येतात. कोणी भांडत नाही. खालून लूमचा आवाज आणि समोर ती नावं. वाचता वाचता डोळा लागतो आणि मला सभा दिसते. शाळेच्या पटांगणात सगळी माणसं बसलेली, कोणाचीच सावली हलत नाही, आणि तू वही घेऊन रांगेतून फिरतो आहेस. कोणी तोंड उघडत नाही. सगळे फक्त हात पुढे करतात.

मी एक तक्ता केला होता. दर सभेला किती बायका, त्यांतल्या किती अंगठा लावणाऱ्या, किती सही करणाऱ्या. अंगठा करणारी बाई पुढच्या वर्षीही अंगठाच करते. दहा वर्षांत फरक नाही. मी कंटाळून नावं वाचायची सोडली होती, नुसते अनुक्रमांक बघत होते. एका बुधवारी मला एक बाई सापडली. सलग नऊ सभा अंगठा, आणि दहावीला सही. पुढच्या सभेला पुन्हा सही. मी ओरडलेच. अफीफाला हलवून सांगितलं, एक बाई शिकली बघ. तिनं विचारलं, कोण. तेव्हा मी नाव वाचलं. कमळ हिरामण.

मग तारीख बघितली. आईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

अफीफाला मी म्हटलं, दुसरी कोणीतरी आहे, आपल्याकडे एका नावाच्या दहा असतात. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चहा करायला उठली.

तुला आठवतं का, तू आईला शिकवायचास. माझी जुनी पाटी घेऊन चुलीपुढं बसायचास. ती म्हणायची, मना नको शिकवू, माझा अंगठा काय झिजला हाय? तू म्हणायचास, शिपायाची बायको हाय तू, सभेत सगल्यांसमोर शाई पुसत बसतेस. ती क लिहायला शिकली. म लिहायला शिकली. ळ काही तिला जमला नाही. म्हणायची, हे तं म्हशीचे दोन डोले, ते काय मी लिव्हू? आणि पदर तोंडाला लावून हसायची. तो श्रावण होता. दिवाळीच्या आधी ती गेली.

वहीत तिला ळ जमलाय. पहिली सही वाकडी आहे, ओळ सोडून खाली गेलेली. तू डाव्या हातानं केली असशील. दुसरी जरा सरळ. तिसऱ्या वर्षी अक्षर वळणदार होतं, आणि शेवटी शेवटी तर ती नुसतं कमळ हि. एवढंच लिहून मोकळी होते, जसं पुष्कळ सह्या करणारी माणसं करतात. चार वर्षं ती सभेला आली. चार वर्षं शिकली. मी एका दुपारी सगळी पानं ओळीनं जमिनीवर मांडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. जमीन थरथरत होती, कागद थोडे सरकत होते. मला तिचा हात दिसत होता. खोटं म्हणून बघायचं होतं, पण ते मला जमलं नाही.

मृत्यूच्या नोंदवहीत तिचं नाव तूच लिहून घेतलं होतंस. मतदार यादीतून कमी करायचा अर्ज मात्र दिला नाहीस. यादीत नाव होतं, म्हणून वहीत नाव होतं. हे सगळं मला समजतं. हेही समजतं की वह्या तूच मला दाखवल्यास. यात काय आहे हे तू विसरला होतास, की विसरला नव्हतास, ते मी विचारणार नाही.

इथपर्यंत असतं तर मी तो तक्ता फाडला असता. मॅडमना सांगितलं असतं की त्या चार वर्षांच्या वह्या मिळाल्या नाहीत. गावोगाव वह्या मिळतच नाहीत, त्यांनी मान डोलावली असती.

पण माळाच्या ठरावाचं पान बघ. तीन वर्षांपूर्वीची दोन ऑक्टोबरची सभा. तळ्याच्या वरचं गुरचरण गोदामाला द्यायला ग्रामसभेची हरकत नाही, असा ठराव. सभेला शंभर माणसं लागतात. मी तुला इतिवृत्तात लिहिलंय ते सांगत नाही, तू मला सांगितलंयस ते सांगते. पटांगणात तेव्हा तीसएक जण होते. भाऊसाहेब बोलले, हिरामण, कोरम भर. तू वही घेऊन दोन दिवस घरोघर फिरलास. वहीचं पान कोरं. वर विषय नाही, ठराव नाही. आपल्याकडे सह्या आधी होतात, मजकूर नंतर उतरतो. कोणी विचारत नाही कशाला. हिरामण आलाय म्हणजे सही करायची. कोणी भात कांडता कांडता करतं, कोणी दाढी करता करता.

त्या पानावर शंभर नावं आहेत. एकशे एक नाहीत. शंभरावं नाव आईचं आहे.

तुला ठाऊक नव्हतं त्या पानावर काय लिहिलं जाणार आहे. मी हे मानते. तू संध्याकाळी दमून घरी आला असशील, एक कमी पडत असेल, आणि तुझ्या हाताला ते नाव सवयीचं झालं होतं. पण आबा, ज्या माळावर तिनं लग्न झाल्यापासून म्हशी चारल्या, तो माळ तिच्या सहीनं गेला. आता तिथं पत्र्याची शेड आहे, आणि म्हशी रस्त्याच्या कडेनं, ट्रकला अंग घासत जातात. आईबरोबर म्हशी चारणाऱ्या गोदूआत्यानं मागच्या महिन्यात माझा हात धरून सांगितलं, तुझी आय असती ना, तं भाऊसाहेबाच्या टेबलाला म्हस आणून बांधली असती. मी हो म्हटलं. माझ्या पिशवीत तेव्हा त्याच पानाचा फोटो होता.

गोदूआत्या आणि चिंधूकाकांनी तालुक्याला अर्ज केलाय, ठराव कसा झाला ते तपासा म्हणून. त्यांना वाटतं वरच्या कोणीतरी केलं. त्यांना तुझा संशय येणार नाही. तू त्यांच्या घरी पाणी पितोस.

मॅडमना प्रबंधाच्या शेवटी वह्यांच्या पानांच्या प्रती जोडून हव्या आहेत. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. अफीफाला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बाप आहे तुझा, ते पान वगळ. तिनं त्या पानाचा फोटो हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, उन्नती, तू जर ते पान वगळलंस तर तू पण कोरम भरलास. मी चिडले, तिला म्हटलं, तुझ्या बापाची वही असती तर? ती म्हणाली, माझ्या बापाची असती तर मी तुझ्याकडेच आले असते विचारायला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. शमीमचाचींनी दोघींची जेवणं एकाच ताटात वाढून दारात ठेवली, तेव्हा बोललो.

तक्त्यात मी त्या सभेपुढं नव्याण्णव लिहिलं आहे, आणि ते पानही नावं झाकून शेवटी जोडलं आहे. सोमवारी प्रबंध जमा करायचा. तुझं नाव त्यात कुठंही नाही, पण नव्याण्णव हा आकडा वाचणारा माणूस विचारणारच की शंभरावं कोण. तुझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. काय होऊ शकतं ते मी नियमांच्या पुस्तकात वाचलंय, आणि जे वाचलं ते तुला सांगून घाबरवणार नाही. तुला ते कोणा दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी लिहायला बसले होते.

पण आणखी एक आहे, आणि खरं तर त्यासाठी हे पत्र. त्या पानावरची नव्याण्णवावी सही माझी आहे. खरी. मी त्या दिवशी सुट्टीला घरी होते, जेवत होते. तू वही ताटाशेजारी ठेवलीस आणि मी खरकटा हात वर धरून डाव्या हातानं पान दाबलं, मग हात धुऊन सही केली. पान कोरं होतं. तेव्हा मी पदवीला सुशासनाची आठ लक्षणं पाठ करत होते, आणि मी विचारलं नाही हे कशाला. येत्या दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मी येणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा, पटांगणात बसायला. उठून गोदूआत्यासमोर सांगणार आहे की मी न वाचता सही केली. त्यानंतर मी खाली बसेन. तुला हाक मारणार नाही, तुझ्याकडे बघणारही नाही. पण माझ्यामागून तू उठलास, तर मला आवडेल.

तुझीच,
उन्नती