गदगला बोलायचं कुणाशी

६ जाने. ७४, रवि. सांगली.

आज एक अन्याय घडला. पुढच्या पिढ्यांच्या माहितीसाठी नोंदवून ठेवतो. नामदेव न्हाव्याने दाढी-कटिंगला पंधरा पैसे वाढवले, आणि वाढवले ते सरसकट. माझ्या डोक्यावर गेल्या दहा वर्षांत निम्मंसुद्धा पीक उरलेलं नाही. आमच्या महसूल खात्यात अशा जमिनीची आणेवारी काढून शेतसाऱ्यात सूट देत. तसं त्याला सांगितलं.
"आवं भाऊसाहेब, ब्लेडी म्हागल्या, साबन म्हागला. आनि तुमचं केस हुडकायला टाइम लय लागतो, त्येचं काय?"
दिले. निषेध नोंदवून दिले.

८ जाने., मंगळ.

पेन्शन आणली. एकशे ब्याण्णव. ट्रेझरीतून घरी येईपर्यंत खिसा जड वाटतो, तेवढंच सुख.
जिन्यात मालकांनी गाठलं. भाडं पंचेचाळीसचं सत्तर, मार्चपासून. "तुमच्यावर सक्ती नाही बरं का." हे वाक्य मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना ऐकवलंय, जप्तीची नोटीस काढायच्या आधी. अर्थ विचारावा लागला नाही.
रिटायर होऊन सात महिने. पहिल्या महिन्यात पेन्शन २८ तारखेपर्यंत पोचली, डिसेंबरात १९. असंच चाललं तर दिवाळीच्या सुमाराला ती हातात पडायच्या आधीच संपलेली असेल. सौ.ला हे विनोद म्हणून सांगितलं. हसली नाही. मलाही नंतर हसू आलं नाही.

११ जाने.

मेहुण्याचं जोडकार्ड, गदगहून. वेंकण्णाचं मराठी म्हणजे कानडी पायजम्यावर मराठी कोट, पण मुद्दा चोख. शेजारच्या घरात दोन खोल्या रिकाम्या. भाडं पंचवीस. परसात विहीर, पाणी गोडं. ज्वारी सांगलीपेक्षा स्वस्त, शेंगदाणे स्वस्त, दूध बिनपाण्याचं. "आक्का जवळ येईल. भावजी, फेब्रुवारीअखेर कळवणे, नाहीतर दुसऱ्याला देतील."
उत्तराचं अर्धं कार्ड कोरं, त्यावर त्याने स्वतःचा पत्तादेखील घालून पाठवलाय. म्हणजे मला फक्त हो म्हणायचे कष्ट.
सौ.ने पत्र दोनदा वाचलं आणि डब्याखाली ठेवलं. तीस वर्षांत तिचं न बोलणं मला कधी वाचता आलं नाही.

१३ जाने., रवि.

उद्या संक्रांत, म्हणून पुन्हा दाढी. नामदेवला गदगचं सांगितलं. वस्तरा थांबला.
"म्हंजी परमुलखात?"
"परमुलूख कसला? दोन गाड्या बदलल्या की आलं."
"भाडं कमी पडंल, ज्वारी सस्त पडंल, समदं खरं हाय. पर बोलनार कुनासंगं? तुमी न बोलता एक दाढी बी पुरी करू देत न्हाई."
"शिकेन की कानडी."
"तीस वर्सांत वैनीकडनं किती शिकला?"
वस्तरा गळ्यावर होता म्हणून मी गप्प, असं त्याला वाटलं असावं. वाटू दे.

१५ जाने., सातारा.

कुमुदकडे तिळगूळ घेऊन आलो. पोरगी चेहऱ्याने भरलीय. आषाढात बाळंत होईल. सासूबाई आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, बाळंतपणाला मी कुठे यायचं? गदगला?"
सौ. म्हणाली, "बघू गं." आणि ओंजळभर हलवा तिच्या पदरात टाकला.
जावईबापू अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी कागद काढून दोन रकाने पाडले, सांगली आणि गदग. महिना सव्वाशेत गदगला आरामात भागतं असा निष्कर्ष. गृहस्थ हुशार आहेत. कुमुदचा प्रश्न कोणत्या रकान्यात घालायचा ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जावयाला अडचणीत आणू नये.

१७ जाने.

ठरलं. आठ दिवस जाऊन राहून बघायचं. ते राज्यही हल्लीच म्हैसूरचं कर्नाटक झालंय. एवढ्या मोठ्या राज्याने नाव बदललं, मग आम्हाला पत्ता बदलायला काय झालं? हा विनोद इथल्या साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी लेखासाठी राखून ठेवतो. लेखाचे आठ रुपये मिळतात, दर शुक्रवारी. जावईबापूंच्या कागदावर हे आठ रुपये दोन्ही रकान्यांत होते. गदगला बसून मी सांगलीची चेष्टा कशी करणार, हे त्यांच्या शास्त्रात येत नाही.

२२ जाने., मंगळ. गदग.

मिरजेला गाडी बदलली, हुबळीला बदलली. छोटी लाईन. हाडं मोजत आलो. सगळी आहेत.
खोल्या चांगल्या. अगदी नको इतक्या चांगल्या. नाव ठेवायला जागा शोधत होतो, एक खिडकी वाऱ्याने वाजते एवढंच मिळालं.
शेजारणी आल्या. "अंबक्का! अंबक्का!" म्हणून एकच गलका. मी मागे वळून बघितलं, कोण ही अंबक्का. सौ. धावत पुढे गेली.
सुमती हे नाव मी ठेवलेलं, तांदळात अंगठीने लिहून. माहेरचं नाव काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणजे लग्नपत्रिकेपुरतं.

२४ जाने.

बाजार. सांगलीत मी भाव करतो, ती पिशवी धरते. आधी साताऱ्याला राहायचो तेव्हाही हेच. इथे पिशवी माझ्या हातात.
तिने कमरेवर हात ठेवला. वांगीवालीला काहीतरी म्हणाली. वांगीवाली हसली, शेजारची मिरचीवाली हसली, मग सौ. स्वतः हसली, तोंडावर पदर न घेता. ही बाई इतकी मोठ्याने हसते? वांगी, वर मूठभर मिरच्या फुकट.
वाटेत मी विचारलं, "काय म्हणालीस तिला?"
"ते मराठीत नाही येत."
वांगी सांगलीच्या निम्म्या भावात पडली.

२६ जाने.

गल्लीत मराठी समजणारे दोन. वेंकण्णा आणि पोस्टमास्तर. वेंकण्णा दिवसभर अडत दुकानात. पोस्टमास्तरांची बदलीची ऑर्डर आलीय.
सांगलीचा पेपर दोन दिवसांनी येतो. परवाच्या बातम्या आज वाचल्या. कुणाला सांगणार?

२७ जाने., रवि.

पराक्रम. तीन दिवस मनात घोकून एक अख्खं कानडी वाक्य तयार केलं आणि एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानात चहापूड आणायला गेलो. वाक्य म्हणालो. दुकानदारीण माझ्याकडे बघत राहिली. मग आतून सुनेला बोलावलं, सुनेने नणंदेला. मला पुन्हा म्हणायला लावलं. म्हणालो, काय करणार, चहापूड हवी होती. तिघी खांबाला धरून हसल्या. पैसे द्यायला गेलो तर घेईनात.
घरी पोचेपर्यंत माझं वाक्य माझ्या पुढे पोचलेलं. शेजारणी दारात उभ्या राहून म्हणत होत्या आणि सौ. डोळे पुसत होती, हसून हसून.
"काय बोललो मी?"
"सांगणार नाही."
"वाईट?"
"वाईट नाही हो. मजेचं." मग माझ्याकडे नीट बघितलं. "लागलं का?"
म्हणालो, छे.
सगळा जन्म लोकांना हसवण्यात घालवला, पण कशाला हसतात ते मला ठाऊक असायचं.

३० जाने., बुध. परत, गाडीत. अक्षर हलतंय.

वेंकण्णा स्टेशनवर म्हणाला, "भावजी, काळजी कशाला करता हो. आम्ही आहोत की." खरंच आहेत. भला माणूस. त्याच्यावर टीका करायला काही नाही, ही त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार.
समोर सौ. झोपली आहे. एक हिशेब डोक्यातून जात नाही, तो इथे लिहून टाकतो म्हणजे जाईल. सांगलीत राहिलो आणि मी आधी गेलो, तर ती दोन खोल्यांत एकटी, निम्म्या पेन्शनीवर, तीही मिळाली तर. गदगला गेलो आणि ती आधी गेली, तर मी मुका. औषध मागायलाही माणूस लागेल. पंचवीस आणि सत्तर यांची वजाबाकी करता येते. हिची कशी करायची, आधी कोण हे...
मिरज आलं. ती जागी होऊन म्हणाली, "आषाढात पाऊस असतो. कुमुदला या गाडीने आणायचं कसं?"
म्हणजे झोपली नव्हती.

५ फेब्रु., मंगळ.

माझ्याच जुन्या कचेरीत गेलो, रेशनकार्ड बदलीची चौकशी करायला. माझ्या खुर्चीवर आता माझ्या हाताखालचा कारकून. मला उभं ठेवलं. चांगला तयार केलाय मी त्याला.
"भाऊसाहेब, तुमीच लावलेला नियम. अर्ज तीन प्रतींत. हितलं कार्ड रद्द झाल्याचा दाखला, मग तिकडं नवं."
"नवं किती दिवसांत?"
"दोन म्हैनं धरा. न्हाईतर तीन."
तोवर साखर-गहू खुल्या बाजारात. म्हणजे गदगच्या भाड्यात वाचलेलं गदगच्या वाण्याला. आणि इथलं एकदा रद्द झालं की झालं. परत आलो तर? त्याने खांदे उडवले. ही लकबही माझीच.
संपादकांना भेटलो. "तिकडून पाठवा की लेख, पोस्टाने." कशावर? मला न कळलेल्या विनोदांवर?

१२ फेब्रु., मंगळ.

रेशनकार्ड शोधायला सौ.ची ट्रंक उघडली. तळाशी, इरकली लुगड्याच्या घडीत, पिवळं कात्रण. माझा लेख. साताऱ्याच्या साप्ताहिकातला, लग्नानंतर वर्षाच्या आतला. माझा पहिला छापून आलेला. नव्या नवरीच्या मराठीची चेष्टा. ती सासूला काय म्हणाली, दूधवाल्याला काय म्हणाली, सगळं. त्या वेळी पेठेत लोक तिला तिचीच वाक्यं म्हणून दाखवत. मी मिशीत हसत असे. मिशी होती तेव्हा.
ती चहा घेऊन आली. कात्रण माझ्या हातात.
"हे कशाला ठेवलंस?"
"मराठी वाचायला मी त्याच्यावरच शिकले. तुमच्या बहिणीने अक्षरं लावून दिली. तिसऱ्या वेळेला कळलं, हे माझ्यावरच आहे."
"मग बोलली का नाहीस?"
"कुठल्या भाषेत बोलू?"
रागाने नाही म्हणाली. चहात साखर कमी आहे असं सांगावं, तशी.
मग स्वतःच हसली. "तीन रुपये मिळाले होते तुम्हाला. म्हणाला होतात, यातनं तुला गुळेदगुड्डचा खण आणतो, तुझ्या मुलखातला."
"आणला नाही?"
"पेन आणलंत."
लिहितोय ते हेच पेन. निब चारदा बदलली.
लेख पुन्हा वाचून काढला. चांगला जमलाय. जमला नसता तर बरं झालं असतं.

१३ फेब्रु.

आज सरळ विचारलं. "तुला काय हवंय? गदग का सांगली?"
ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.
"तिकडे मी खूप हसले ना?"
"हो."
"तुम्ही आठ दिवस हसला नाहीत. मी मोजत होते." एक खडा काढून बाजूला टाकला. "आणि कुमुद इकडे साताऱ्यात. सांगेन. पण मला प्रथमच विचारलंत, तर थोडे दिवस द्या."
"मालकांना महिनाअखेर..."
"मालकांना मी सांगते, थांबा म्हणून."
आणि सांगितलंही, जिन्यात उभं राहून. मी वरून बघत होतो. मालक "बरं बरं" म्हणाले. बोलताना हात कमरेवर होता. गदगहून एवढं तरी बरोबर आलंय.

१६ फेब्रु., शनि.

नामदेवकडे. "ठरलं का?"
"नाही."
"मग आज लय गप?"
"सराव करतोय."
त्याने आरसा पुसला. दाढी प्रथमच वेळेत झाली. पंधरा पैसे जास्तीचे न कुरकुरता दिले, तर त्याने नाणी उलटसुलट करून बघितली.
तिथून कापडपेठेत. गुळेदगुड्डचा खण मागितला. दुकानदाराने ढीगभर टाकले. मला रंगातलं काही कळत नाही, तिला कोणता रंग आवडतो हेही ठाऊक नाही असं ध्यानात आलं. शेवटी अंजिरी रंगाचा घेतला, इरकलीच्या काठाशी जुळेल असा अंदाज. तीन रुपयांचा खण आज सव्वासातला. तीस वर्षांची महागाई माझ्या अंगावर.
घरी सौ. नळावर होती. ट्रंक उघडली, खण कात्रणाखाली ठेवला, लुगड्याची घडी होती तशी केली. उघडेल तेव्हा उघडेल.
जोडकार्ड डब्याखालून काढून टेबलावर ठेवलंय. वेंकण्णाचा पत्ता आहे, मजकूर कोरा. पेनात शाई भरून शेजारी ठेवली. तिने लिहायचं ठरवलं तर कानडीत लिहील, आणि ते मला वाचता येणार नाही.