दादांची मॅच अजून झालेली नाही

२ फेब्रु., सोमवार
मैत्रीची टीम फायनलला!! राज्य कबड्डी, मुलींचा गट. शनिवारी चार वाजता नाशिकला, आणि टीव्हीवर थेट! ऑफिसात तिघींना मी सांगितलं, चौथीने स्वतःहून विचारलं. माझी मुलगी टीव्हीवर म्हणजे काय गंमत आहे का.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर काय! शनिवारी दुपारी तीनला दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दादा माझे सासरे, पण मैत्रीला कबड्डी शिकवली ती त्यांनीच. येरवड्यात तीस वर्षं पंच होते. गेली दोन वर्षं त्यांना मैदानावर नुसते ठिपके दिसतात. म्हणजे पोरगी मोठी खेळाडू झाली ती त्यांनी फक्त ऐकली, बघितलेलीच नाही. तारीख बदलायची तर दवाखाना थेट एप्रिल म्हणतोय.

३ फेब्रु., मंगळ.
सापडलं! सेटटॉप बॉक्स आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायची एक डबी मिळते, काडेपेटीएवढी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी एका बाजूला, यूएसबी दुसऱ्या बाजूला. टीव्हीवरचं सगळं कॉम्प्युटरवर साठतं. लगेच घेऊन आले.

विजय (नवरा): "यूट्यूबवर येईल की नंतर." येईल, पण नावातच निकाल लिहिलेला असतो. मग बघायचं काय, कप्पाळ?

दादांना सांगितलं तर म्हणाले, "झालेली मॅच मी बघत नाही. ती बातमी असते." विषय संपला. पंचांचा निर्णय.

४ फेब्रु., बुध.
आज धमाल!! डबी जोडली. चित्र आलं, आवाज येईना. लाल आणि पांढरी वायर भलत्याच भोकात. शेवटी एकदाचा आला.

क्रिकेट लावलं. दादा बाथरूमला उठले, मी चालू मॅच थांबवली. थेट मॅच, आणि बॉलर हात वर करून उभा! दादा परत येऊन पडद्याला नाक लावून बसले, मी बटण दाबलं, त्याने बॉल टाकला. दादा: "मी गेलो तेव्हापासून हा असाच उभा होता?" हो म्हटलं, तुमच्यासाठी. खूश झाले, पण दाखवतील तर ना.

तेवढ्यात समोरच्या कुलकर्णी काकूंकडून आरडाओरडा. आमच्याकडे पाच मिनिटांनी विकेट पडली. दादा: "काकू आपल्या पुढे राहतात वाटतं."

तीच संधी साधली. म्हटलं दादा, जोवर निकाल आपल्याला माहीत नाही, तोवर आपल्यापुरती मॅच झालेलीच नाही. दादांनी अट घातली: "घरात कुणालाच कळता कामा नये. तुम्ही बघितलंत आणि मला दाखवलंत, तर तुमच्या तोंडावरूनच कळेल. बघायचं तर सगळ्यांनी एकदम." कबूल! कबूल!! विजयनेही मान हलवली, जरा उशिरा.

७ फेब्रु., शनि.
निघताना तीनदा तपासलं. रेकॉर्डिंगची वेळ लावली, मॉनिटर बंद केला, वर टॉवेल टाकला. चुकून दिसायला नको.

दवाखान्यात तिघांचे फोन बंद. चार वाजले. तिकडे शिट्टी वाजली असेल आणि इकडे मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता पाठ करतेय. ऑपरेशन मस्त झालं. दादा हिरव्या गाऊनमध्ये बाहेर आले, डोळ्यावर पट्टी, पहिला प्रश्न: "कुणी काही बोललं नाही ना?" नर्स म्हणाली, सगळे आधी दुखेल का विचारतात, आजोबा हे काय विचारतायत? आम्ही म्हटलं, त्यांना तेच विचारू नका.

घरी येऊन टॉवेलखाली डोकावले. फाईल आहे. चांगली जाडजूड आहे! हात नुसते शिवशिवत होते. उघडली नाही. शब्द म्हणजे शब्द.

८ फेब्रु., रवि.
मैत्रीला घरी यायला बंदी. मला तरी असलं काही करावं लागेल वाटलं नव्हतं, पण तिचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. लोणी काळभोरला माझ्या बहिणीकडे पाठवलं. बहिणीचा फोन: "पोरगी हितं हाय. तोंड उघडत न्हाय. तुमचं काय डोकंबिकं फिरलंय का?" मैत्रीचा मेसेज एकच: "जेवले." आता जेवले म्हणजे जिंकून जेवले की हरून जेवले? विजय म्हणतो हरली की ती जेवत नाही. मी म्हटलं गप्प बस, हा अंदाजसुद्धा नियमात बसत नाही.

पेपर न उघडता माळ्यावर. सोसायटीचा ग्रुप बंद. संध्याकाळी कुलकर्णी काकू दारात: "मला सगळं माहीत आहे. पण विचारल्याशिवाय मी बोलत नाही." पाच मिनिटं तशाच उभ्या. आम्ही विचारलं नाही. "बरं," म्हणून गेल्या. 'बरं' कसं म्हणाल्या यावर मी आणि विजय भांडलो.

९ फेब्रु., सोम.
पट्टी निघाली! दादांनी आधी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "सुनंदा, केस पांढरे झाले की तुझे." मला हसू आणि रडू एकदमच. डॉक्टर: टीव्ही उद्यापासून चालेल, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.

१० फेब्रु., मंगळ.
घाईत लिहितेय.

चारला बसलो. मैत्री आली, तिला दादांच्या मागे बसवलं, तोंडावर ओढणी. काकूही आल्या, "मी फक्त बघणार." लावलं, तर आधी पुरुषांची मॅच, संपता संपेना. मी पुढे ढकलायला गेले. दादा: "थेट मॅच पुढे ढकलता येते का?" पाऊण तास बसलो तसेच.

मग मैत्री आली मैदानात! दादा काठी टेकून पुढे सरकले. "ती सात नंबर? डावा पाय आधी टाकते… हे मी शिकवलंय!" मोठ्याने, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. पहिल्या चढाईत दोघींना बाद केलं तिने. दादांच्या डोळ्यातून पाणी, मी घाबरून थेंबांची बाटली आणायला धावले, तर म्हणाले, "औषध नको. बस इथे."

सत्तावीस-सत्तावीस. शेवटचं मिनिट. शेवटची चढाई, मैत्रीची. ती रेषेपाशी आली, वाकून जमिनीला हात लावला, आणि

पडदा काळा.

मी वेळ साडेपाचपर्यंत लावली होती. आधीची मॅच लांबली. शनिवारीच कुणी फाईल उघडून बघितली असती तर कळलं असतं मॅच अर्धवट आलीय. पण आम्ही शब्दाचे पक्के! विजय ओरडला. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. दोन वर्षांनी त्या माणसाला दिसायला लागलं आणि मी शेवटचं मिनिटच ठेवलं नाही.

मैत्रीने ओढणी काढली. "आजोबा, मी सांगते…"

"थांब! एक अक्षर बोलायचं नाही." दादा उठून उभे राहिले. "समोर कितीजणी होत्या?"

"चार."

"मग चारच पाहिजेत. विजय, सोफा सरकव. काकू, तुम्ही डाव्या कोपऱ्यात."

काकू: "मी? गुडघे बघितलेत का माझे?" पण उठल्या. पदर खोचला. चौथा माणूस म्हणून खालच्या मजल्यावरच्या गोखले वहिनींना हाक मारली, त्यांना काही माहीत नाही, त्या तयार. दादा खुर्चीत बसलेत, मध्ये खडूने रेषा काढून घेतलीय. "मला वाकायला बंदी आहे, बोट वर करायला नाही. मैत्री, तू जशी गेलीस तशीच ये. तुम्ही चौघांनी खरोखर पकडायचं. पोरीला सोडलंत तर माझ्याशी गाठ."

मैत्री हसतेय. हसण्यावरून काही म्हणजे काही कळत नाहीये!

मला उजवा कोपरा मिळालाय. हाका मारतायत, आता जाते.