गढूळ पिशवी

१२ जानेवारी २००४
नीलम्माच्या पोटात इन्फेक्शन झालंय. सकाळी दहाला डॉक्टरांनी स्वतः कन्फर्म केलं. पोटातून पिशवीत आलेलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ होतं. बायकोच्या किडन्या गेल्यापासून घरीच मी नळीतून औषधी पाणी पोटात सोडायचं, मग बाहेर काढायचं, असं डायलिसिस चाललंय. ही दुसरी खेप. तिसऱ्यांदा झालं तर नळी काढावी लागेल, म्हणाले. मग मशीनवर. ते तिचं हार्ट सोसेल याची खात्री देत नाहीत.
चूक माझी असणं शक्य नाही. एकतीस वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. मी गल्लीत शिरलो की हॉटेलवाले भांडी परत घासायला काढायचे. चूक शोधून काढीन.

१५ जानेवारी
घरी आलो. नवी शिस्त. पाटी लिहून भिंतीला लावली. दिवसाला चार पिशव्या, प्रत्येक वेळी असं: दार बंद. पंखा बंद. मास्क. साबणानं हात, घड्याळ लावून पाच मिनिटं. मगच भस्म, आधी माझ्या कपाळाला, मग तिच्या. (हात धुतल्याशिवाय डबीला शिवायचं नाही, हा वडिलांपासूनचा नियम.) मग नळी जोडायची.
नीलम्मा म्हणाली, पाटी झकास हाय, पर मला भूक लागलीया ते कुठं लिवलंय?

१८ जानेवारी
पहिला संशय तानाबाईवर. भांडी घासताना मास्क लावायला सांगितला. ती म्हणाली, दादा, मला दम लागतोय, आन् भांडी काय खोकत न्हाईत. रजा दिली. उद्यापासून भांडी मी घासणार. रोज.

१९ जानेवारी
भांडी राहिली. नळाला पाणी कमी होतं.

२ फेब्रुवारी
शेजारचे बाळासो भेटायला आले. चपला जिन्यात, पाय धुऊन, खुर्ची आठ फुटांवर. जाताना म्हणाले, इन्स्पेक्टरसाहेब, कळंबा जेलात बरं की, तिथं जवळ तरी बसू देत्यात. नीलम्मा पोट धरून हसली. हसण्यानं नळी हलते का, डॉक्टरांना विचारायचं.

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र
शिवलीला गडहिंग्लजहून आली. गावाकडचं ताजं भस्म आणलं. डबी भरून घेतली. मुलगी म्हणाली, अप्पा, आईला जरा गॅलरीत उन्हात बसवत जावा. सांगितलं, गॅलरीत धूळ असते.

२३ फेब्रुवारी
चेकअप. बेचाळीस दिवस झाले, पाणी काचेसारखं. बाकावरच्या तीन पेशंटांना माझी पद्धत समजावली. एक झोपला. मलिका सिस्टर म्हणाल्या, काका, एकदा तुमी करताना बघू द्या की. वेळ नाही म्हणालो. इन्स्पेक्टरचं इन्स्पेक्शन!

३ मार्च, सकाळी ६.३०
गढूळ.
संशयित: डास. बाळासो. नळाचं पाणी. शिवलीलाचा एसटीचा प्रवास.
तिला ताप आहे. पोटाला हात लावू देत नाही. रिक्षा बोलावली.

५ मार्च
वॉर्डात दुपारची पिशवी मी बदलतो म्हणालो. मलिका सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. मास्क बरोबर. हात पाच मिनिटं, बरोबर. त्या म्हणाल्या, काका, एक नंबर. मग मी खिशातली डबी काढली, उघडली, तीन बोटं बुडवली.
सिस्टरनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ह्ये रोज करतासा?
रोज, म्हणालो. चारदा. हात धुतल्यावरच.
त्यांनी मनगट सोडलं नाही.

६ मार्च
डॉक्टर म्हणाले, त्यामुळंच झालं असं खात्रीनं सांगता येणार नाही, इन्फेक्शन कशानंही होतं. हे वाक्य इथं मुद्दाम लिहून ठेवलं. तीनदा वाचलं.
मग नीलम्माला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, व्हय. ट्रेनिंगला सिस्टरनं सांगितलं हुतं की, हात धुतल्यावर नळीबिगर कशाला शिवायचं न्हाई. तुमी तवा दाराजवळ कुणाला तरी गटार कसं बांधायचं ते सांगत हुता.
मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. आवाज जरा चढला असावा.
ती म्हणाली, चाळीस वरसांत कवा कपाळाला हात लावलासा माझ्या? आता दिसातनं चारदा लावत हुता.

७ मार्च
औषधाला दाद नाही. नळी उद्या सकाळी नऊला काढणार. दोन दिवसांनी मशीन लावून बघणार. हार्ट सोसेल का, असं पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू या.
घरी येऊन पाटी काढली. भिंतीवर चौकोन राहिला.
उद्या आठला पोचायचं. डबी आणा, असं तिनं बजावलंय. आता नळीची भीती न्हाई, म्हणाली.