सर्जन बदलण्याचं तात्त्विक कारण

३ फेब्रुवारी
हर्नियाचं ऑपरेशन अकरा तारखेला. सर्जन डॉ. श्रीविद्या. म्हणजे बाई. माझा अर्थातच आक्षेप नाही. अठ्ठावीस वर्षं मल्लेश्वरमच्या कॉलेजात एथिक्स शिकवतोय. वीस तारखेच्या सेमिनारला पेपरही माझाच, ‘शस्त्रक्रियेतील लिंगभेद’.

४ फेब्रुवारी
तरी पुरुष सर्जनच मागणार. हा भेदभाव नव्हे. लाज हा स्वतंत्र विषय आहे. कस्तुरी म्हणाली, तीस वर्षांच्या संसारात तुमची लाज मला दिसली नाही. बायकोला तात्त्विक फरक कळत नाहीत.

५ फेब्रुवारी
हॉस्पिटलात सर्जन बदलण्याचा फॉर्म असतो. ‘कारण’ लिहायला फक्त दोन ओळी! पानभर पुरवणी जोडली. ‘स्त्री सर्जन कुशल असेलही, पण ऐन वेळी तिच्या मनात घरचा कुकर नसेल, याची हमी कोण देणार?’ फॉर्म त्या सर्जनकडेच सहीला जातो म्हणे. जाऊ दे. शिकतील काहीतरी. पुरवणीची झेरॉक्स पेपरच्या फाईलमध्ये ठेवली. असं लिखाण वाया जाऊ नये.
नवी तारीख तेवीस.

१२ फेब्रुवारी
दुखतंय. कस्तुरी म्हणते, स्वल्प हट्ट सोडा. मुळीच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११
आतडं अडकलं. इमर्जन्सी. ड्युटीवर डॉ. श्रीविद्याच. दुसऱ्या सर्जनसाठी थांबतो म्हणालो. त्या म्हणाल्या, तुम्ही थांबाल, आतडं थांबणार नाही. भीती वाटली. सही केली. मनातल्या मनात निषेध नोंदवून.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन छान झालं. मुळात माझी तब्येतच दणकट. काल माझा पेपर विभागातल्या नीरजानं वाचला. कस्तुरीनं तिला फाईल दिली होती. चार वर्षं तिचं प्रमोशन मी कमिटीत अडवलंय, अनुभव कमी म्हणून. पेपर पडला असणार.

२२ फेब्रुवारी
नीरजा भेटायला आली. पेपर गाजला! त्यातही शेवटचं पान. कुठलं शेवटचं पान? तर ती पुरवणी. तिला वाटलं, मी रचलेलं उदाहरण. हॉल हसून लोळला म्हणे. फक्त अध्यक्षांनी टीका केली: उदाहरण अतिरंजित आहे, इतका मूर्ख माणूस प्रत्यक्षात नसतो.
मी बाणेदार उत्तर देणारच होतो. तेवढ्यात डॉ. श्रीविद्या राउंडला आल्या. नीरजानं त्यांनाही ते पान ऐकवलं. माझे टाके तपासता तपासता त्या म्हणाल्या, हे कुठेतरी वाचलंय.
कस्तुरी खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.
मी ठामपणे सांगितलं, उदाहरण काल्पनिक आहे.