बाहेरची कडी

६ फेब्रुवारी २००४
कोर्ट झालं, पुण्याला. म्हणजे अर्धं झालं. जजसाहेबांनी दोघांना एकच विचारलं, स्वखुशीने? मी हो म्हटलं. ह्यांनी जरा थांबून हो म्हटलं. (अजून ‘हे’च लिहितेय. दुसरं काय लिहू?) पुढची तारीख ऑगस्टात. तोवर विचार करा म्हणे. जिना उतरताना वकीलबाईंनी पुन्हा बजावलं, त्या दिवशीही दोघांचा होकार लागतो. एकाने पाय मागे घेतला की संपलं.

येताना एकाच एसटीत. हे माझ्या मागच्या सीटवर. राजगुरुनगरच्या पुढे मागून हात आला आणि माझी खिडकी लावली. धूळ येते म्हणून. मी मंचरला उतरणार, हे पुढे आळेफाट्याला गॅरेजवर. मला नीट उतरवायचं, असं कंडक्टरला आधीच सांगून ठेवलेलं. कंडक्टर हसत म्हणाला, “ताई, लई जपत्यात पावणं तुमाला.”

९ फेब्रुवारी
वहिनीने इथे माहेरी, महाळुंग्यात, सगळ्यांना सांगून टाकलं, नणंद सुटली. दादाही तेच धरून चाललाय. डिंगोऱ्यात, सासरी, वेगळं काय असणार. अर्ज झाला म्हणजे फारकत झाली, असंच सगळ्यांना वाटतं. अजून बायको आहे मी त्यांची, असं म्हटलं तर वहिनी म्हणाली, “कागदावर व्हय.”

१ मार्च
आजपासून गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे. सकाळी मी उघडायचं, संध्याकाळी मी लावायचं. कुलूप लावलं आणि परत उघडून आत बघून आले. कोणी राहिलं नाही ना.

दुपारी वाचायला कोणी नव्हतं, म्हणून हे लिहिते. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात हे गॅरेजवर निघाले, बाहेर कडीचा आवाज झाला. वाटलं, चुकून. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, वाऱ्याने दार आपटतं. मग रोजच. पाणी भरलेलं, सरपण आत, कसली कमी नाही. पुढे घरातच संडास बांधला. आमच्या आळीत पहिला. बायका बघायला आल्या, मला नशीबवान म्हणाल्या. तो का बांधला ते मला एकटीला कळत होतं. आईला एकदाच सांगितलं. आई म्हणाली, जीव आहे त्यांचा तुझ्यावर.
मारलं कधीच नाही. दाखवायला अंगावर काही नाही.
दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला इथे आले ती परत गेलेच नाही.

११ एप्रिल
ओतूरकडचे पाहुणे. एका मुलीचे वडील आणि मामा. मुलगी ह्यांना द्यायचं चाललंय, त्याची चौकशी करायला थेट माझ्याकडे! म्हणाले, “बाई, राग मानू नका. गावात सगळेच ग्वाड बोलत्यात. खरं तुमालाच ठावं.” वहिनीने पोहे केले.
दारू पितात का? नाही. हात उचलतात? नाही. बाहेर काही? नाही, नाही.
“मंग काय व्हतं?”
दादा दाराला टेकून उभा होता. मी म्हटलं, पटलं नाही. मूलबाळही झालं नाही.
मामा वडिलांना म्हणाले, “बगा, पैली बायकू नाव ठिवत न्हाई. आजून काय पायजे?”
ते गेल्यावर दादा बराच वेळ गोठ्यात काहीतरी करत होता. मग आत येऊन म्हणाला, बरं बोललीस. नवं घर मांडायचं म्हणून तर हे कोर्टात यायला तयार झाले. हे स्थळ मोडलं तर ऑगस्टात कशाला येतील?
मी एकही शब्द खोटा बोलले नाही. हे चार वेळा मनात म्हणून झालं.

१६ मे
मुलीचे वडील पुन्हा. आनंदात. कोर्टाची तारीख झाली की सुपारी फोडणार. मुलीचं नाव रेखा. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून टोमॅटोच्या रोपवाटिकेत जाते, स्वतःच्या लुनावर. “आता गाडी सोडायला लावलीय जावयांनी. म्हनले, बाईमानसानं रस्त्यावर एकटं कशाला? मी सोडीन, मी आनीन. लई जपनारा मानूस.”
चहा माझ्या हातात तसाच निवला.

२० जून
आज ती आली. लुनावरच. ओढणी तोंडाला बांधलेली, हाताला रोपांच्या मातीचा रंग. पुस्तक बघतेय असं दाखवत कपाटापाशी उभी राहिली. तिशीची असेल. मला वाटलं होतं दबकी असेल, तशी नाही. सरळ विचारलं, “बाबांना सांगितलं ते खरं का?”
“खरं आहे.”
“मंग तुमी का आला निगून?”
दादाचं बोलणं आठवलं. ऑगस्ट आठवला. मी चार पुस्तकं उगाच खालीवर केली. होकार त्यांचा हवा, आणि तो होकार ह्या मुलीवर अडकलेला. गप्प राहिले तर मी बाहेर. आणि ही…
तिने निघायला ओढणी बांधली तेव्हा म्हटलं, “घर बघायला जाशील ना, पुढच्या दाराच्या दोन्ही कड्या बघ. आतली आणि बाहेरची.”
तिने गाठ पक्की केली, बाहेर जाऊन लुना चालू केली.
आतली गंजलीय. बाहेरची हाताने घासून चकचकीत.

११ जुलै
रेखाने नाही म्हटलं. घर बघून आली आणि नाही म्हटलं. कारण सांगत नाही, वडील बोलत नाहीत तिच्याशी. दादाने बाजारातून बातमी आणली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी मला विचारलं, “तू काय बोललीस तिला?”
दार बघ म्हटलं, एवढंच.
“मंग आता तूच बघ दार.” नंतर जेवला नाही.
वाईट वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं. ऑगस्ट हातचा गेला म्हणून. पण रेखाचं वाईट वाटत नाही.

८ ऑगस्ट
दुपारी ह्यांचा फोन. दादाने माझ्या हातात दिला. मला वाटलं रेखाचं काढतील. नाही. आवाज नेहमीसारखा शांत. “तारखेला एकटी एष्टीनं जाऊ नको. मी येतो जीप घिऊन, आठला तयार रहा.”
कुठे नेणार, विचारायचं होतं. तोवर फोन ठेवलेला.
दादा म्हणतो, बरं झालं, येतायत तरी. वहिनी म्हणते, अजून जीव आहे बघ. दोघांनी परत फोन करून माझ्या वतीने हो सांगून टाकलंय.

१० ऑगस्ट, सकाळी
मंचर स्टँड. मांडीवर वही. आठ वाजायचे आहेत. पुण्याची गाडी लागतेय म्हणतात.
कोर्ट अकराला. वकीलबाईंना काल बूथवरून सांगितलं, मी येते. ते? म्हणाल्या. माहीत नाही म्हटलं. जीप दादाच्या दारात उभी राहील, मग ती पुण्याकडे वळेल की परत डिंगोऱ्याकडे…
घरातून पहाटे निघाले. दादाला उठवलं नाही. वाचनालयाच्या सवयीने हात बाहेरच्या कडीकडे गेला. नाही लावली, दार नुसतं ओढून घेतलं. आत माणसं झोपली होती.