कमळपानावरची चार अंडी

१० ऑगस्ट, रविवार
आले: दुर्बीण १, वापरलेली, चि. महेशने मुंबईहून एस.टी. पार्सलने धाडली. तो म्हणतो ९००, खरी किंमत सांगणार नाही. पार्सलचे ६०. पक्ष्यांचे पुस्तक १, रु. २५०. ही वही ३०. ह्यांना फक्त वहीचे सांगितले.
सकाळी साळवी गुरुजींबरोबर सावित्रीच्या काठाने फेरी. पोलादपूरचे दोघे, महाडच्या तिघीजणी, मी. खंड्या, पाणकावळे, टिटवी. गुरुजी मोबाईल ठेवत नाहीत. रविवारी गाठ पडली नाही तर कार्ड टाका म्हणतात. पत्ता लिहून घेतला. आम्ही बायका फार बोलतो. पक्षी उडून जातो आणि मग सगळ्या विचारतात, कुठे होता.

१६ ऑगस्ट, शनिवार. काला.
देवीच्या तळ्यावर कमळं आणायला गेले. पानावर एक पक्षी. अंग काळपट, पंख पांढरे, मानेवर सोनेरी पट्टा, शेपूट कोयत्यासारखी लांब आणि वाकडी. पायाची बोटं एवढी लांब की पान बुडत नाही, खुशाल चालतो. जरा बाजूला झाला तर खाली चार अंडी. तांबूस तपकिरी, भोवऱ्यासारखी. घरटं नाही, काड्या नाहीत, नुसतं ओलं पान. लगेच परत येऊन बसली, आईच ती. पुस्तकात सापडलं, कमळपक्षी. एकही फूल न तोडता आले. देवीला जास्वंद वाहिली आणि का ते सांगितलं.

२० ऑगस्ट, बुध.
देवळात मीटिंग. मोठे भाऊजी (ह्यांचे थोरले बंधू) कमिटीचे अध्यक्ष. ठरले: १ तारखेला घरटी एक माणूस, तळ्यातली सगळी कमळं उपटायची. २ ला गौरी-गणपतींचं विसर्जन. गेल्या वर्षी देठांत पाय अडकून दोघे पडले, हातातला गणपती कलंडला. ते खरंच. तरी मागून म्हटलं, अंडी आहेत, चार. हसले सगळे. भाऊजी म्हणाले, "पक्ष्याला अख्खं रान हाय. गणपतीला तळं एकच."
रडू आलं नाही. राग आला. भाऊजींच्या घरी जाऊन जाऊबाईंना सांगितलं, तळ्यावर एक बाळंतीण बसलीय, भर पावसात, डोक्यावर छप्पर नाही. त्यांना लागलं. दुपारपर्यंत वाडीभर तेच. शेजारच्या काकी विचारतात, तिला खायला काय ठेवू.

२४ ऑगस्ट, रवि.
गुरुजींना मुद्दाम इकडे आणलं. दुर्बिणीतून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, हा बाप आहे."
मादी अंडी घालते आणि जाते. दुसरा नर, दुसरी अंडी. उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं ह्याचं. सव्वीस-सत्तावीस दिवस लागतात. बोटांवर मोजलं. मी बघितली त्याच्या दोन-तीन दिवस आधी घातलेली धरली तर ८-९ सप्टेंबर. म्हणजे विसर्जनानंतर आठवडा.
आणि मी गावभर बाळंतीण करून ठेवलीय. बायका बाळंतिणीपायी विरघळल्यात. खरं कळलं तर आणखी हसतील आणि संपलं. गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही. संध्याकाळी दिवा लावताना वाटलं, तळं देवीचं, आणि तिच्याच तळ्याबद्दल मी खोटं...

२६ ऑगस्ट, मंगळ. हरतालिका.
सांगून टाकलं. पूजा झाली, सगळ्या उपाशी बसलेल्या, तेव्हाच. मग जाऊबाई,
"बाप बसतो? अंड्यांवर?"
"होय."
"आनि ती?"
"ती गेली."
काकी कडकडीत उपासाच्या दिवशी पोट धरून हसल्या. जाऊबाई म्हणाल्या, पाच बाळंतपणं झाली गो माजी, आमच्याकडं पाळण्याची दोरी कुणी हातात धरली नाय. हा मला बगायचाच हाय.
मग सगळ्यांनाच बघायचा. पंचवीस-तीस बायकांच्या कलकलाटाने तो अंडी टाकून जायचा. तेवढ्यात सुचलं. गौर आणताना ह्याच तळ्यापासून घरापर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरायची, शब्द काढायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्यापासून. म्हटलं, ह्या वर्षी जातानाही चूळ घरूनच भरून निघू. सगळ्या कबूल. देवीनेच सुचवलं, एरवी माझं डोकं एवढं चालत नाही.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. मोदक २१. तळ्यावर जायला झालं नाही. ह्यांना पाठवलं. आले आणि म्हणाले, बसलाय.

३१ ऑगस्ट, रवि. गौरी आल्या.
सत्तावीस जणी. हातात तेरड्याची रोपं, तोंडात पाणी. जोडवी वाजू नयेत म्हणून बांधावरच्या गवतातून चाललो. पाऊस थांबलेला.
तो दहा हातांवर होता आणि उठला नाही. दुर्बीण हातोहात फिरली. एकीला ठसका येत होता, तिने पदर कोंबला पण पाणी सोडलं नाही. जाऊबाई शेवटी. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ धरली. तेवढ्यात त्याने पंख खाली घातले आणि एकेक अंडं छातीशी ओढून घेतलं. जाऊबाईंच्या तोंडात पाणी, डोळ्यांतही.
घरी आल्यावर चूळ टाकली आणि त्यानंतर जे सुरू झालं ते रात्रीच्या झिम्म्यापर्यंत.

१ सप्टें., सोम.
सकाळी पुरुष कोयते घेऊन तळ्यावर. गौरीचा नैवेद्य चुलीवर टाकून आम्ही सगळ्या तिथे. मी बोलणार होते, तोवर जाऊबाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, "पायरीपाशी चार हात जागा करा, गनपती नेण्यापुरती. त्याच्या पलीकडं कोयता गेला तर उद्या गौर आमी उचलनार नाय."
गौर उठल्याशिवाय गणपती उठत नाही. भाऊजी म्हणाले, घरी बोलू. त्यावर जाऊबाई, "घरी तुमी बोलत नाय, जेवता."
त्यांचा धाकटा मुलगाच पहिला हसला. भाऊजींनी एक काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. "चार हात म्हंजे कुठवर? तू दाखव." मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि काठी रोवली. अलीकडचीच कमळं निघाली, एकूण दोन भारे.

२ सप्टें., मंगळ.
ढोल देवळापाशीच थांबवला. मोकळ्या केलेल्या जागेतून एकेक गणपती गेला, कुणाचा पाय अडकला नाही. भाऊजी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात, काठीपाशी उभे. येईल त्याला सांगत होते, "हळू रे. बाप बसलाय."
शेवटच्या आरतीपर्यंत तो हलला नाही. जिंकलो. लिहायला बरं दिसत नाही, पण जिंकलो.

९ सप्टें., मंगळ.
तीन पिल्लं. कापसाच्या बोंडाएवढी, आणि बोटं अंगापेक्षा लांब. पानावर धावतात. पाऊस आला तसा त्याने तिघांना पंखांखाली घेतलं आणि उठून चालू लागला, खाली सहा पाय लोंबत होते. काकींनी भाऊजींना हाताला धरून दाखवायला नेलं. चौथं अंडं तसंच आहे.
गुरुजींना कार्ड लिहिलं. नक्कल:

ती. साळवी गुरुजींस, शि. सा. न. वि. वि.
तीन बाहेर आली. चौथ्यावर तो अजून मधूनमधून जाऊन बसतो, त्याचे काय समजावे? कमिटीला उरलेली कमळे घटस्थापनेआधी काढायची आहेत. आता गौर नाही, हाती धरायला काही नाही. परंतु मोठ्या भाऊजींनी काल आपणहून विचारले, अजून किती दिवस थांबायचं ते सांग, तेवढे थांबवतो. मी आकडा दिलेला नाही. एकदा चुकीचे सांगून झाले आहे. पिल्ले उडायला नेमके किती दिवस लागतात ते उलट टपाली कळवावे.