सावत्र आईची चांगली गोष्ट

श्री

सांगली,
ता. २० जून १९४३

ती. सौ. शकुंतलाताईस,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

लग्न होऊन महिना उलटला तरी एक ओळ नाही म्हणून तू रागावलीस, ते बरोबरच आहे. लिहायला बसत होते, पण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

माझं तसं बरं चाललं आहे. दुजवराशी लग्न म्हणून तू किती घाबरली होतीस! पण इकडून मला अजून उणा शब्द झालेला नाही. सकाळी हळदीच्या पेढीवर जाणं होतं, संध्याकाळी अंगाला हळदीचा वास घेऊनच येणं होतं. बोलणं मात्र फार थोडं. घरात यांच्या आत्या आहेत, लीलाबाई. यांची पहिली बायको, क्षमाची आई, गेल्यापासून त्यांनीच क्षमाला वाढवलं. लहानपणीच विधवा झालेल्या, सगळा जीव त्या पोरीत.

ताई, क्षमा माझ्या हातचं खात नाही. सात वर्षांची पोर, गोरी, नाजूक. मी ताट मांडलं की ती भिंतीला पाठ लावून उभी राहते. तेच ताट आत्याबाईंनी उचलून पुन्हा खाली ठेवलं की गुपचूप जेवते. कारण मला परवा कळलं. रोज दिवेलागणीला आत्याबाई तिला गोष्ट सांगतात. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणे, म्हणून दिवा लागल्यावरच. गोष्टीत एक पाटील असतो, त्याची बायको मरते, तो दुसरी आणतो. दुसरी लोकांसमोर पोरीला तूपभात वाढते आणि माणसं उठून गेली की तांदळाचं धुवण पाजते. पोर वाळत वाळत दोऱ्यासारखी होते. आत्याबाई फार सुरेख सांगतात. मीसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत राहिले.

तू काहीतरी सुचव. ती. भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
प्रमोदिनी

*

श्री

सातारा,
ता. २९ जून १९४३

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून आधी काळजी वाटली, मग हसू आलं. अगं, ही गोष्ट आपल्या आईनंही सांगितली आहे. तिच्या गोष्टीत पाटलाच्या जागी सावकार होता, एवढंच. तू तर ती ऐकून पुन्हा भात मागायचीस! पण आपल्याला हसू यायचं कारण सांगणारी आपली आई होती. क्षमाला कोण आहे?

तेव्हा रागावू नकोस, रडूही नकोस. तूही गोष्ट सांग. लहानपणी रचून रचून मला छळायचीस, ती कला कुठे गेली? चांगल्या सावत्र आईची एखादी गोष्ट सांग, पोर आपोआप जवळ येईल.

इथे घासलेटची फार टंचाई आहे. सासूबाई घसरून पडल्या, अंथरुणावर आहेत, त्यामुळे मला हलता येत नाही. नाहीतर येऊन तुझ्या आत्याबाईंना दोन गोष्टी मीच ऐकवल्या असत्या. आमच्या नव्या जावयांना, विष्णुपंतांना, नमस्कार सांग. पत्राला उशीर केलास तर बघ.

तुझी,
ताई

*

श्री

सांगली,
ता. २५ जुलै १९४३

ती. सौ. ताईस,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आधी तयार गोष्ट आठवून पाहिली. चांगल्या सावत्र आईची एकही आठवेना. कहाण्यांत आवडती-नावडती राणी आहे, छळणारी सासू आहे, शहाणी सून आहे. दुसरी आई आली की ती वाईटच. मग मी रचली. नदीकाठी एक टिटवी होती. पुराच्या आधी तिला दुसऱ्या टिटवीची उघडी अंडी दिसली. ती त्यांच्यावर बसली. पाणी वाढलं तशी चोचीनं एकेक अंडं वर ढकलत राहिली.

आत्याबाईंनी सगळी ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या की ही तू रचलीस. गोष्ट कुणी रचत नाही, ती ऐकलेली असावी लागते. माझी गोष्ट मला माझ्या आजीनं सांगितली, तिला तिच्या आजीनं. खोटी असती तर इतक्या जणींनी कशाला सांगितली असती?

पण ताई, काल क्षमा वेणी घालायला माझ्यापुढे येऊन बसली. पहिल्यांदाच. उठताना तिनं विचारलं की पिल्लांना ती दुसरी टिटवी आहे हे कळलं का? मी म्हटलं, तिनं सांगितलंच नाही. त्यावर ती थोडा विचार करून म्हणाली, सांगायला पाहिजे होतं. आणि माझ्या हातातला शेंगदाण्याचा लाडू घेऊन पळाली.

दिवसभर मी उगाच हसत होते. हे म्हणाले, आज काय विशेष? मी काही नाही म्हटलं. तुझा आशीर्वाद असाच पाठीशी असू दे.

तुझी,
प्रमोदिनी

*

श्री

सातारा,
ता. ८ ऑगस्ट १९४३

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

लाडवाचं वाचून मी देवापुढे साखर ठेवली. साखर मिळते कुठे आता, पण ठेवली.

तुझं म्हणणं मला खरं वाटेना, म्हणून भेटेल त्या बाईला मी विचारत सुटले की चांगल्या सावत्र आईची गोष्ट येते का. नागपंचमीला झोक्यावर बसलेल्या बायकांना विचारलं, सासूबाईंच्या मैत्रिणींना विचारलं. कुणाला येत नाही. कोरेगावकडच्या बनुबाई कोर्टाच्या तारखेला आल्या की आपल्याकडे उतरतात. उसाचं मोठं रान आहे त्यांचं. त्यांचा हंबीरराव पलटणीत आहे, तो त्यांचा सावत्र मुलगा. लढाईवरून पत्र धाडतो त्यात आधी बनुबाईंच्या गुडघ्यांची चौकशी असते. म्हटलं, ह्यांना तरी येत असेल. तर म्हणाल्या, "आवं, अशी गोष्ट कुटली? आमी गोष्ट सांगतो ती मेलेल्या बाईसाठी. तिला कुनी इसरू नये म्हून. जितीला कशाला पायजे गोष्ट? तिच्या मांडीवर पोर हाय की."

ऐकून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तुझ्याही मांडीवर पोर येईल. क्षमासाठी खणाचं परकर-पोलकं शिवून पाठवते आहे. माप अंदाजानं घेतलं आहे, सैल झालं तर टाके घाल. आमची आठवण ठेव.

तुझी,
ताई

*

श्री

सांगली,
ता. १२ सप्टेंबर १९४३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

परकर पोचला. क्षमानं तो अजून घातला नाही. गणपती बसले तेव्हापासून ती तापानं पडली आहे. डॉक्टर म्हणतात, मुदतीचा ताप, टायफॉइड. औषध असं काही नाही, पथ्य हेच औषध. बार्लीचं पाणी, मोसंब्याचा रस, ताकाची निवळ. आतडं आतून सोलल्यासारखं झालं आहे, घट्ट अन्नाचा एक घास गेला तरी जिवाला धोका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

आता ताप उतरू लागला आणि भूक उसळली आहे. ती भात मागते, भाकरी मागते. मी वाटीत बार्लीचं पाणी आणलं की तोंड फिरवते. काल म्हणाली, "हेच ते धुवण." आत्याबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

ताई, मी तिला उपाशी ठेवते आहे. गोष्टीतली करते तेच करते आहे. शेजारच्या बायका येतात, त्या वाटीकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. यांना म्हटलं, आत्याबाईंना तुम्ही नीट समजावून सांगा. यांनी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

तुला येता आलं असतं तर! येता येणार नाही हे मला ठाऊक आहे. देवाला सांग.

तुझी,
प्रमोदिनी

*

श्री

सातारा,
ता. १६ सप्टेंबर १९४३

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र हाती आलं तशीच उत्तराला बसले आहे. डॉक्टर सांगतात त्यापासून तसूभर हलू नकोस. पोर रडली तरी रडू दे. बरी झाली की हवं तेवढं खाईल आणि तुझ्याशी भांडेल. लोक काय बघतात ते तू बघू नकोस.

सासूबाईंजवळ बसायला नणंद येते आहे. ती आली की मी निघतेच. तोवर धीर धर. रोज एक कार्ड टाक, नुसतं ‘बरी आहे’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
ताई

*

श्रीशंकर

सांगली,
ता. २ ऑक्टोबर १९४३

ती. ताईस,

क्षमा गेली. तार यांनी केलीच होती. तू येऊन मला घेऊन जाते म्हणून कळवलंस, पण आत्ता येऊ नकोस. माझ्याच्यानं इथून हलवणार नाही. झालं ते तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

त्या सकाळी मी डॉक्टरांकडे औषधाला गेले होते. परत आले तर क्षमा उशीला टेकून बसली होती आणि हसत होती. इतक्या दिवसांत हसली नव्हती. मला बरं वाटलं. मग खाटेखाली वाटी दिसली. वाटीला शिऱ्याचं तूप लागलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, पोटभर खाल्लं गं लेकरानं. मी वाटी उचलून घासली. दुसरं काय करावं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात कळ आली. पोट फळीसारखं झालं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि विचारलं, हिला खायला काय दिलं? आत्याबाई तिचे पाय चेपत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या की खायला द्यायचं काय, हिनं पोरीला उपाशी मारली. डॉक्टर यांना बाहेर घेऊन गेले. आत येऊन यांनी मला विचारलं, "तू काही दिलंस का?" मला विचारलं, ताई. मी नाही म्हटलं. यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

शेवटी क्षमानं ‘आई’ म्हणून हाक मारली. कुठल्या आईला, ते कळलं नाही. ओ मी दिली.

तू म्हणशील, सांगून का टाकलं नाहीस. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला आत्याबाई सांगतात की जायच्या आधी पोर माझ्या हातचं खाऊन हसली, तेवढ्यावर मी उरलेले दिवस काढीन. आपण काय केलं हे त्यांना कळलेलं नाही. तो शिरा त्यांच्याकडून काढून घेतला तर त्यांच्याजवळ राहिलं काय? आणि मी सांगितलं तरी ऐकणार कोण? त्यांची गोष्ट सगळ्यांनी आधीच ऐकलेली आहे.

प्रमोदिनी

*

श्री

सातारा,
ता. ९ ऑक्टोबर १९४३

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तू देव नाहीस, बाई. विष्णुपंतांना तरी सांग. नवऱ्याच्या मनात हा संशय ठेवून तुझा संसार कसा होणार? आजच्या आज सांग.

वाईट गोष्ट लिहिते, पण तुला ती माझ्याकडूनच कळलेली बरी. इथे एका हळदीकुंकवाला सांगलीहून आलेली एक बाई भेटली. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. ती सांगत होती की तिकडे एकीनं सवतीची पोर उपाशी ठेवून मारली. मी उठून आले नाही. बसून सगळं खरं खरं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, वाटी, शिरा, सगळं. तू सांगू नकोस म्हणाली होतीस, पण मला राहवलं नाही. बायका शेवटपर्यंत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर एक म्हणाली, सख्खी बहीण ना, ती असंच म्हणणार.

तू निघून ये. थोडे दिवस तरी ये. अण्णाही वाईहून लेकीला भेटायला येतील. तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझी,
ताई

*

श्री

सांगली,
ता. १५ फेब्रुवारी १९४४

ती. सौ. ताईस,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

तुझी एवढी पत्रं आली, उत्तर एकाचंही गेलं नाही. रागावू नकोस. घरचं काम होतं, बाकीचं काही होत नाही.

तू म्हणालीस म्हणून दिवाळीनंतर यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, असेल. मग म्हणाले, पण आत्या आता म्हातारी झाली. त्यानंतर तो विषय आमच्यात निघालेला नाही. इकडून माझ्याशी वागणं चांगलंच आहे. माझ्या हातचं जेवणंही होतं. पण पहिला घास घेताना हात किंचित थांबतो. कदाचित थांबत नसेल, मलाच तसं दिसत असेल.

संध्याकाळी आळीतल्या मुली ओसरीवर आत्याबाईंपाशी गोष्ट ऐकायला जमतात. आता गोष्टीतला पाटील राहिला नाही, पेढीवर जाणारा माणूस आला आहे, आणि दुसरी बायको साताऱ्याकडची आहे. आत्याबाई हे मला लागावं म्हणून करतात असं मला वाटत नाही. गोष्ट त्यांना आता अशीच आठवते. परवा मी दिवा ठेवायला बाहेर गेले तर मुली एकदम उठल्या आणि एकमेकींचे हात धरून गेल्या.

संक्रांतीपासून आत्याबाईंच्या पायांतलं बळ गेलं. त्यांचं सगळं मीच करते. न्हाऊ घालते, भरवते. त्या मुकाट्यानं खातात.

आता तुला आनंदाची म्हणून बातमी लिहायची तर मला दिवस गेले आहेत. यांना सांगितलं, मग आत्याबाईंना सांगितलं. त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू! माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. म्हणाल्या, बाळ माझ्या मांडीवर दे, मी त्याला सगळ्या गोष्टी सांगीन.

मग त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे पोटचं आहे. आता तुला माया फुटेल." अगदी मायेनं म्हणाल्या, ताई.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तू मात्र माझी तीच राहा.

तुझी,
प्रमोदिनी